एआय असिस्टंट सॉफ्टवेअरचं आर्किटेक्चर ठरवू शकतो का?

तुम्ही विचारलंय की एआय मिनिटभरात अख्खं मोड्यूल लिहून देतो, मग आर्किटेक्चरही, म्हणजे सॉफ्टवेअरची मूळ रचनाही, त्याच्यावरच का सोपवू नये? मी नागपुरात अडत्यांसाठी बिलिंग सॉफ्टवेअर करतो. आम्ही दोघंच आहोत, असिस्टंट रोज वापरतो, तरी माझं उत्तर 'सोपवू नका' हेच.

गेल्या आंबिया बहारातली गोष्ट. कळमना मार्केटात संत्र्याच्या ढिगाचा लिलाव झाला की अडत्याचा पोरगा तिथंच मोबाईलवर पट्टी, म्हणजे त्या विक्रीचा हिशेब, टाकतो. शेडमध्ये नेट येतं-जातं, म्हणून असिस्टंटला सांगितलं, सर्व्हरचं उत्तर वेळेत आलं नाही (टाइमआउट) की नोंद परत पाठव. त्यानं टेस्टसकट सुरेख कोड दिला. पण कधीकधी सर्व्हरवर नोंद व्हायची आणि 'झालं' हे उत्तर तेवढं वाटेत हरवायचं. अ‍ॅप बिचारं पुन्हा पाठवायचं. अडत्याचा फोन आला, "भाऊ, माल एकदा आला अन् पट्टी दोनदा काऊन?"

उपाय साधा होता. पट्टीला मोबाईलवरच कायमचा क्रमांक द्यायचा आणि तोच पुन्हा आला तर सर्व्हरनं नवी नोंद करायची नाही. विचारल्यावर असिस्टंटनंही हेच सांगितलं, वर नावही दिलं: आयडेम्पोटन्सी की. म्हणजे पठ्ठ्याला येत होतं! मी विचारलं नव्हतं, म्हणून त्यानं सांगितलं नव्हतं.

हमाली-तोलाईच्या हिशेबाचंही तेच. तीन वेगळ्या दिवशी तीन ठिकाणी कोड लिहून घेतला. सुटा पाहिला तर प्रत्येक बरोबर. पण एक कोड प्रत्येक ओळीला पैसे पूर्ण रुपयात करायचा, बाकीचे शेवटच्या बेरजेला. फरक एक रुपयाचा. त्या रुपयावरून अडत्याचा सॉफ्टवेअरवरचा विश्वास उडतो, आणि मी त्याला दोष देत नाही.

नवं काही विचारलं की असिस्टंट मायक्रोसर्व्हिसेस (एका सॉफ्टवेअरचे वेगवेगळे चालणारे छोटे तुकडे), मेसेज क्यू (त्यांच्यातल्या निरोपांची रांग) असा थाट मांडतो. संस्थेतली माणसं एकमेकांशी जशी बोलतात तशीच तिच्या सिस्टीमची रचना होते, असं संगणकतज्ज्ञ मेल्विन कॉन्वे यांनी १९६८ मध्येच लिहून ठेवलंय. आम्ही दोघं एकाच टेबलावर बसतो, तर आमचं सॉफ्टवेअरही एकसंधच बरं. सात सर्व्हिसेस रात्री दोनला सांभाळणार कोण?

आता मोठ्या निर्णयाला अर्धं पान लिहितो: काय ठरवलं, काय नाकारलं, कशासाठी. ते कोडसोबतच ठेवतो, असिस्टंटलाही आधी वाचायला देतो. त्याची उत्तरं बरीच सुधारली. पट्टीच्या पानावरची पहिली ओळ आहे, 'शेडमध्ये नेट नाही असं धरूनच चाला.'