पायगेम टाकताना: वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

या वेळी आलेले बहुतेक प्रश्न कोल्हापूर जिल्ह्यातले आहेत आणि जवळजवळ सगळे पायगेमबद्दल आहेत. पायथनमध्ये गेम लिहिण्यासाठीची ही मुक्त लायब्ररी २००० सालापासून उपलब्ध आहे. पडद्यावर चित्र उमटवणं, आवाज वाजवणं, कोणती की दाबली ते ओळखणं ही कामं ती एसडीएल या सी भाषेतल्या लायब्ररीकडून करून घेते.

कमांड इथे उच्चाराप्रमाणे नागरीत छापल्या आहेत. वेगळं सांगितलेलं नसेल तिथे त्या इंग्रजी लहान अक्षरांत टाइप कराव्यात. «पिप» हे पायथनच्या लायब्ऱ्या उतरवून टाकणारं साधन. «पीवाय» (विंडोजवर पायथन चालवणारी कमांड) म्हणजे पी आणि वाय ही दोन अक्षरं, आणि «-एम» म्हणजे उणे चिन्ह व त्याला चिकटून एम.

मागच्या आठवड्यात पायथनची ३.१४ आवृत्ती टाकली. «पिप इन्स्टॉल पायगेम» दिल्यावर दोन मिनिटं काहीतरी चालतं आणि शेवटी लाल अक्षरांत मोठी एरर येते. तीनदा काढून परत टाकलं, तरी तेच. लॅपटॉपच खराब आहे का?
– अभियांत्रिकीची विद्यार्थिनी, राजारामपुरी

लॅपटॉप चांगला आहे. तुम्ही टाकलेल्या पायथनसाठी पायगेमचं तयार पॅकेज निघालेलं नाही, एवढंच झालंय. पिप आधी तयार बांधलेली फाइल शोधतं. तिला व्हील म्हणतात. पायथनच्या प्रत्येक आवृत्तीसाठी वेगळी व्हील लागते. पायगेमची २०२४ मधली २.६.१ आवृत्ती पायथन ३.१३ पर्यंतच्या व्हील देते, आणि पायथन ३.१४ आला ऑक्टोबर २०२५ मध्ये. व्हील सापडली नाही की पिप मूळ सी कोड उतरवून तुमच्याच मशीनवर बांधायला घेतं. त्यासाठी लागणारा मायक्रोसॉफ्टचा सी कंपायलर आणि एसडीएलच्या फाइली तुमच्याकडे नसतात, म्हणून शेवटी लाल अक्षरं. पायगेम कितीदाही काढून परत टाकलं तरी ही अडचण तशीच राहणार.

यातून बाहेर पडायचे दोन मार्ग आहेत. एक, पायथन ३.१३ शेजारी टाकणं. ३.१४ काढायची गरज नाही, दोन्ही एकत्र नांदतात. मग «पीवाय -३.१३ -एम पिप इन्स्टॉल पायगेम» द्या. दुसरा मार्ग पायगेम-सीईचा (सीई म्हणजे कम्युनिटी एडिशन). पायगेमवर आधीपासून काम करणाऱ्या प्रोग्रामरांनीच २०२३ मध्ये ही वेगळी शाखा सुरू केली. तिच्या आवृत्त्या लवकर निघतात आणि ३.१४ साठीची व्हील तिथे मिळते. नव्याने सुरुवात करणाऱ्याने हीच घ्यावी असं आमचं स्पष्ट मत आहे. कमांड: «पीवाय -एम पिप इन्स्टॉल पायगेम-सीई».

मात्र दोन्ही एकदम ठेवू नका. दोन्ही लायब्ऱ्या पायगेम याच नावाच्या फोल्डरात बसतात आणि एकीच्या फाइली दुसरीवर चढतात. आधी «पीवाय -एम पिप अनइन्स्टॉल पायगेम» देऊन जुनी काढा, मग सीई टाका. प्रोग्राममध्ये मात्र «इम्पोर्ट पायगेम» असंच लिहायचं, त्याला सीई जोडायचं नाही.

नीट बसलं का हे बघायला स्वतःचा कोड लिहू नका. «पीवाय -एम पायगेम.एक्झाम्पल्स.एलियन्स» द्या. लायब्ररीबरोबर येणारा छोटा गेम उघडला, बाण-कीने गाडी हलली आणि आवाज आला, तर चित्र, कीबोर्ड, ध्वनी तिन्ही ठीक आहेत. पुढे जे बिघडेल ते तुमच्या प्रोग्राममध्ये शोधायचं.

पिप म्हणतं «रिक्वायरमेंट ऑलरेडी सॅटिस्फाइड». व्हीएस कोड या एडिटरमध्ये रन केलं की «नो मॉड्यूल नेम्ड पायगेम». यातलं खरं कोण?
– बी.सी.ए.चा विद्यार्थी, जयसिंगपूर

दोघंही खरंच सांगतायत, पण दोन वेगवेगळ्या पायथनबद्दल. «पीवाय -०» (उणे चिन्ह आणि शून्य) दिलं की मशीनवर किती पायथन आहेत त्याची यादी दिसते. दोन-तीन निघाले तर नवल नाही: एक साइटवरून घेतलेला, एक मायक्रोसॉफ्ट स्टोअरचा, एखादा ॲनाकोंडा या पायथन-संचाबरोबर आलेला. नुसतं «पिप» लिहिल्यावर त्यातल्या कुणाचं पिप चालेल ते पाथच्या (विंडोज प्रोग्राम शोधतं त्या फोल्डरांच्या यादीच्या) क्रमावर ठरतं. म्हणून आम्ही दर वेळी «पीवाय -एम पिप» असं लांबलचक लिहितो. ज्या पायथनने गेम चालवायचा, त्याच्याच हाताने लायब्ररी टाकली की हा गोंधळ होत नाही.

व्हीएस कोडमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि पी एकत्र दाबा, «पायथन: सिलेक्ट इंटरप्रिटर» निवडा आणि ज्यात पायगेम टाकलंय तोच पायथन घ्या.

कमांड प्रॉम्प्टवर «पायथन» टाइप केल्यावर स्टोअरचं पान उघडत असेल तर विंडोजच्या सेटिंग्जमध्ये ॲप एक्झिक्युशन एलियासेस शोधा आणि तिथली पायथनची बटणं बंद करा.

एवढं करूनही «पायगेममध्ये इनिट नाही» अशा अर्थाची एरर आली, तर तुमच्या फाइलचं नाव बघा. पहिल्या फाइलला पायगेम हेच नाव देण्याचा मोह बऱ्याच जणांना होतो. मग «इम्पोर्ट पायगेम» म्हटल्यावर पायथन शेजारची तीच फाइल उचलतो, लायब्ररीपर्यंत पोचतच नाही. नाव बदला. रँडम, टाइम, मॅथ ही नावंही फाइलला देऊ नका.

विंडो उघडते, पण थोड्या वेळात पांढरी पडून वर «नॉट रिस्पॉन्डिंग» येतं. शिवाय माझा खेळाडू उजवीकडं हळू आणि डावीकडं जोरात पळतो. कोडमध्ये दोन्हीकडं वेग सारखाच दिलाय.
– बारावीचा विद्यार्थी, कागल

पहिल्याचं कारण सोपं आहे. माउस हलला, की दाबली, विंडो बंद करायला सांगितली, असे निरोप विंडोज तुझ्या प्रोग्रामला सतत पाठवत असतं. सुमारे पाच सेकंद कुणी ते निरोप घेतले नाहीत तर विंडोज त्या प्रोग्रामला गोठलेला ठरवतं. म्हणून मुख्य लूपच्या प्रत्येक फेरीत «पायगेम.इव्हेंट.गेट» बोलवायलाच हवं, तुला एकही निरोप वापरायचा नसला तरी. लूपमध्ये «टाइम.स्लीप» घातलं असशील तर काढ, कारण झोपेत निरोप घेता येत नाहीत. फेरीचा क्रम असा ठेव: निरोप वाच, त्यात क्विट (सगळी अक्षरं मोठी) असेल तर लूप सोड, जागा बदल, पडदा एका रंगाने भर, चित्रं काढ, «पायगेम.डिस्प्ले.फ्लिप», आणि शेवटी «क्लॉक.टिक» ला ६०. पडदा भरायचा राहिला तर खेळाडूमागे त्याच्याच जुन्या चित्रांचा पट्टा उमटतो. फ्लिप राहिलं तर काहीच दिसत नाही.

दुसरा प्रश्न जास्त रंजक आहे आणि तू तो बरोबर पकडलास. पायगेमचा रेक्ट, म्हणजे वस्तूची जागा आणि आकार धरणारा आयत, फक्त पूर्णांक साठवतो, अपूर्णांक सरळ कापून टाकतो. सेकंदाला २०० पिक्सेल वेग आणि ६० फ्रेम असतील, तर एका फ्रेमला ३.३३ पिक्सेल होतात. खेळाडू १०० वर असताना उजवीकडे गेला की बेरीज १०३.३३, साठवले १०३, म्हणजे ३ पिक्सेल. डावीकडे गेला की ९६.६७, साठवले ९६, म्हणजे ४ पिक्सेल. सेकंदभरात उजवीकडे १८० आणि डावीकडे २४०! फ्रेम वाढल्या तर आणखी बिघडतं: फ्रेमला एक पिक्सेलपेक्षा कमी सरकायचं असेल तर उजवीकडे खेळाडू हलणारच नाही.

उपाय: जागा «पायगेम.व्हेक्टर२» मध्ये (त्यातला व्ही मोठा) ठेव, हिशेब त्यावर कर आणि चित्र काढायच्या आधी राउंड करून रेक्टला दे. पायगेम-सीईत एफरेक्ट (एफ आणि आर मोठे) नावाचा रेक्ट आहे. तो अपूर्णांक साठवतो, त्यामुळे काम थेट होतं. वेग नेहमी सेकंदात मांड. «क्लॉक.टिक» मागच्या फेरीचा वेळ मिलिसेकंदात परत देतं. त्याला १००० ने भाग आणि वेगाला गुण. म्हणजे कॉलेजच्या जुन्या पीसीवर आणि नव्या लॅपटॉपवर खेळाडू सारखाच पळेल.

आम्ही दोघी मैत्रिणी खासबाग मैदानावरच्या कुस्तीचा गेम करतोय. निकालाच्या पाटीवर «चितपट» लिहिलं तर वेलांटी च च्या पुढं सरकते, «कुस्ती» मधला स पाय मोडल्यासारखा दिसतो. इंग्रजीत लिहायचं मनाला पटत नाही.
– मंगळवार पेठ, कोल्हापूर

पटवून घेऊही नका. हे नीट होतं, आणि मराठीत गेम करणाऱ्या प्रत्येकाला हे माहीत असायला हवं.

नागरीत अक्षरं टाइप केलेल्या क्रमाने शेजारी मांडून भागत नाही. ऱ्हस्व वेलांटी साठवली जाते व्यंजनानंतर, पण दिसायला हवी आधी. स, हलन्त आणि त मिळून एक जोडाक्षर व्हावं लागतं. ही जुळणी हार्फबझ नावाची लायब्ररी करते. पायगेमकडे ती आहे, पण मजकूर कोणत्या लिपीत आहे ते तिला सांगावं लागतं.

आधी फॉन्ट घ्या. पायगेमच्या स्वतःच्या फॉन्टमध्ये नागरी नाही, तिथे नुसते चौकोन दिसतील. «मुक्त» नावाचा फॉन्ट किंवा नोटो सान्स देवनागरी गूगल फॉन्ट्सवरून उतरवा. दोन्ही खुल्या परवान्याचे आहेत. फॉन्टची टीटीएफ फाइल गेमच्या फोल्डरातच ठेवा. विंडोजच्या निर्मला फॉन्टवर विसंबू नका, लिनक्सवर तो मिळणार नाही. मग «पायगेम.फॉन्ट.फॉन्ट» ला (दुसऱ्या फॉन्टमधला एफ मोठा) त्या फाइलचं नाव आणि आकार द्या, समजा ३६. पुढच्याच ओळीत त्या फॉन्टवर «सेट_स्क्रिप्ट» बोलवा आणि अवतरणात डी-ई-व्ही-ए ही चार अक्षरं द्या. त्यातला डी मोठा, बाकीची लहान. हा नागरीचा आंतरराष्ट्रीय लिपी-कोड आहे. एवढ्या एका ओळीने वेलांटी जागेवर येते आणि जोडाक्षरं जुळतात. ही सोय पायगेम २.२ पासून आहे आणि आत एसडीएल-टीटीएफ २.२० किंवा पुढचं लागतं. त्या ओळीवर एरर आली तर तुमची प्रत जुनी आहे.

«पायगेम.फ्रीटाइप» हे दुसरं मॉड्यूल मात्र मराठीसाठी वापरू नका, ते अशी जुळणी करत नाही.

आणखी एक खबरदारी. पैलवानांच्या नावांची यादी डीटीपीवाल्याकडून घेतली असेल आणि ती श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमध्ये असेल, तर ती अक्षरं युनिकोड नसतात, गेममध्ये अगम्य चिन्हं दिसतील. आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या आणि फाइल यूटीएफ-८ मध्ये सेव्ह करा. पाटी प्रत्येक फ्रेमला नव्याने रेंडर करू नका. गुण बदलले तेव्हाच करा आणि तयार झालेलं चित्र जपून ठेवा. जुन्या मशीनवर फरक लगेच दिसतो.

शाळेच्या लॅबमध्ये इंटरनेट नाही. काही पीसी विंडोज ७ चे, काहींवर उबुंटू आहे. पेनड्राइव्हवरून टाकता येईल का?
– संगणक शिक्षक, गडहिंग्लज

येईल, सर. पायगेम दुसऱ्या कोणत्याही पॅकेजवर अवलंबून नाही, त्यामुळे एकच व्हील पुरते, साधारण १० ते १५ एमबीची. इंटरनेट असलेल्या पीसीवर «पीवाय -एम पिप डाउनलोड पायगेम-सीई» द्या. चालू फोल्डरात व्हील उतरेल. लॅबमध्ये «पीवाय -एम पिप इन्स्टॉल» पुढे त्या फाइलचं पूर्ण नाव द्या. फाइलचं नाव बदलू नका, कारण ती कोणत्या पायथनसाठी आणि किती बिटसाठी आहे हे पिप त्या नावातूनच वाचतं. ज्या पीसीवर उतरवता आणि ज्यावर टाकता, त्या दोन्हीकडे पायथनची आवृत्ती आणि ३२ किंवा ६४ बिट सारखेच हवेत. «नॉट अ सपोर्टेड व्हील» अशी एरर आली तर यातलंच काहीतरी जुळत नाही.

विंडोज ७ वर चालणारी शेवटची मालिका पायथन ३.८ ची, आणि त्यासाठी सर्व्हिस पॅक १ लागतो. तिथे सीईची नवी आवृत्ती बसणार नाही, मूळ पायगेम घ्या. ३.८ असलेल्या पीसीवरून उतरवलंत की पिप जुळणारी प्रत आपोआप निवडतं.

उबुंटूच्या अलीकडच्या आवृत्त्या थेट पिप वापरू देत नाहीत, «एक्स्टर्नली मॅनेज्ड» म्हणून अडवतात. तो अडथळा जबरदस्तीने ओलांडू नका, सिस्टीमचीच साधनं त्या पायथनवर चालतात. «पायथन३ -एम वेन्व खेळ» ने वेगळं फोल्डर करा (खेळ हे नाव इंग्रजी अक्षरांत) आणि त्याच्या बिन फोल्डरातल्या पिपने व्हील टाका. व्हील लिनक्सवर उतरवलेली हवी, विंडोजची चालणार नाही. वेन्वची कमांड अडली तर «पायथन३-वेन्व» हे पॅकेज आधी घालावं लागेल.

गेम तयार आहे. मित्रांकडं पायथन नाही, त्यांना कसा द्यायचा? आणि विकला तर पायगेमवाल्यांना पैसे द्यावे लागतात का?
– इचलकरंजी

पायइन्स्टॉलर टाका आणि त्याला गेमची मुख्य फाइल द्या. डिस्ट नावाच्या फोल्डरात चालणारा प्रोग्राम तयार होतो. «-वनफाइल» (आधी दोन उणे चिन्हं) वापरून एकच फाइल करायचा मोह टाळा. ती दर वेळी स्वतःला तात्पुरत्या फोल्डरात उलगडते, म्हणून उशिरा सुरू होते, आणि अँटिव्हायरस तिच्यावर जास्त वेळा संशय घेतात. अख्खं फोल्डर झिप करून द्या. चित्रं, आवाज आणि फॉन्ट पायइन्स्टॉलर आपोआप उचलत नाही, ते «-ॲड-डेटा» ने (हेही दोन उणे चिन्हांनी) सांगावं लागतं. विंडोजचा प्रोग्राम विंडोजवरच बांधावा लागतो.

पैशांचं म्हणाल तर कुणालाही काही द्यावं लागत नाही. पायगेम एलजीपीएल परवान्याखाली आहे. गेम विकता येतो आणि तुमचा कोड उघड करायची सक्ती नाही. लायब्ररीच्याच कोडमध्ये बदल करून ती वाटलीत तर ते बदल खुले ठेवावे लागतात. पायगेमचा आणि फॉन्टचा परवाना, दोन्हींच्या मजकूर-फाइली झिपमध्ये घाला.