वाचकांचे प्रश्न : कारखान्यातील व कार्यालयातील सतत सुधारणा

प्रश्न : भोसरी येथे आमचे जॉबवर्कचे लहान युनिट असून तीन सीएनसी (संगणकनियंत्रित) लेथ आणि एक व्हीएमसी (उभे मिलिंग मशीन) आहे. एका जॉबवरून दुसऱ्या जॉबवर जाताना सेटिंगला अडीच तास जातात, म्हणून आम्ही 500 नगांचे लॉट घेतो. तरीही डिस्पॅच सतत उशिरा होतो आणि मोठ्या ग्राहकांच्या तक्रारी येतात. कर्ज काढून आणखी एक लेथ घ्यावा काय?

उत्तर : कर्जाचा निर्णय महिनाभर पुढे ढकलावा आणि तोपर्यंत दोन आकडे मोजावेत, अशी माझी आग्रहाची सूचना आहे. पहिला आकडा म्हणजे कच्चा माल कापल्यापासून डिस्पॅच होईपर्यंत आपल्या शॉपमध्ये पडून असलेले एकूण नग आणि दुसरा म्हणजे रोज सरासरी बाहेर जाणारे नग. समजा, ट्रॉल्यांवर, मशीनशेजारी आणि तपासणीच्या टेबलाखाली मिळून 2,400 नग आहेत आणि रोज 200 जातात, तर प्रत्येक नग सरासरी 12 दिवस आपल्याकडे मुक्काम करतो. जॉन लिटल यांनी 1961 मध्ये गणिताने सिद्ध केलेला हा संबंध कोणत्याही स्थिर चालणाऱ्या कामाला लागू पडतो. आता त्या नगावर प्रत्यक्ष कटिंग किती मिनिटे होते ते लिहा. ते पंधरा-वीस मिनिटांहून अधिक क्वचितच निघेल. बाकीचा सगळा वेळ नग रांगेत उभा असतो, आणि जेथे काम खरोखर अडते ती जागा लेथ नसेल, तर नवा लेथ ती रांग आणखी लांबवील.

रांग लांब होण्याचे कारण आपल्याच पत्रात आहे. सेटिंगला वेळ लागतो म्हणून लॉट मोठा, आणि लॉट मोठा म्हणून त्यामागचा प्रत्येक जॉब ताटकळतो. जपानमधील अभियंते शिगेओ शिंगो 1950 मध्ये हिरोशिमातील एका मोटार कारखान्यात प्रेसच्या डाय (साचे) बदलण्याचे काम पाहत उभे असताना डाय बसवण्याचा एक बोल्ट सापडेना. कामगार तो शोधायला गेला आणि तोपर्यंत अवजड प्रेस नुसता उभा राहिला. सेटिंगची कामे दोन प्रकारची असतात, मशीन बंद असतानाच करता येणारी आणि मशीन आधीचा जॉब चालवीत असताना उरकता येणारी, हा भेद शिंगो यांनी त्या निरीक्षणातून मांडला. पुढे 1969 मध्ये टोयोटाच्या 1,000 टनी प्रेसवर डाय बदलण्याचा चार तासांचा वेळ त्यांनी आधी दीड तासावर आणला आणि नंतर व्यवस्थापनाच्या आग्रहावरून तीन मिनिटांवर. त्यासाठी नवा प्रेस घ्यावा लागला नाही.

आपल्याकडे याची सुरुवात अशी करता येईल. ऑपरेटरला आधी सांगून, त्याच्या संमतीने, एका पूर्ण सेटिंगचे मोबाइलवर चित्रीकरण करा आणि ते त्याच्याबरोबर बसून पाहा. प्रत्येक कृतीपुढे मिनिटे लिहा. बहुतेक शॉपमध्ये त्या यादीत ठरलेल्या गोष्टी निघतात: ॲलन की शेजारच्या मशीनवर गेलेली असते, सॉफ्ट जॉ (नग पकडणारे मऊ जबडे) स्टोअरमधून आणून उत्पादन थांबवूनच नगाच्या मापाला बोअर केले जातात, प्लग गेज (भोकाचे माप तपासण्याचे साधन) दुसऱ्या जॉबवर वापरात असतो, ड्रॉइंगची जुनी प्रत हाती येते, आणि पहिला नग झाल्यावर तपासनीस जेवायला गेलेला असतो. यांपैकी बहुतेक कामे मशीन थांबण्यापूर्वी उरकता येतात. नेहमीच्या जॉबसाठी जॉचा स्वतंत्र संच बोअर करून, क्रमांक घालून ठेवावा, टूल होल्डर, गेज आणि ड्रॉइंग एका ट्रॉलीवर आधीच मांडून ती मशीनपाशी आणावी, आणि पहिल्या नगाची वेळ तपासनिसाला अगोदर कळवावी. बसवल्यावर जॉ थोडे साफ करून घ्यावे लागतील, ऑफसेटही (टूलच्या मापांच्या मशीनमधील नोंदी) मशीनवरच तपासावे लागतील, त्यामुळे सेटिंग शून्यावर येणार नाही. पण ते अडीच तासांवरून 50 मिनिटांवर येणे आवाक्यातले आहे.

यापुढचा टप्पा अनेक मालक चुकवतात. वाचलेल्या वेळात आणखी माल काढण्याचा मोह टाळावा आणि लॉट एक तृतीयांश करावा. पूर्वी 500 नगांमागे 150 मिनिटे सेटिंगला जात असत, आता तेवढ्याच नगांसाठी 50 मिनिटांची तीन सेटिंग्ज होतील. मशीनचा एकूण वेळ तोच राहील, परंतु शॉपमधील साठा उतरेल आणि 12 दिवसांचा मुक्काम चार-पाच दिवसांकडे सरकू लागेल. एखादी मिती बिघडली, तरी ती 500 नग झाल्यावर न कळता पावणेदोनशेच्या आत कळेल, आणि रिजेक्शनमधली ही बचतही लहान नसते. बाहेरच्या सल्लागाराची गरज वाटली, तर केंद्राच्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग मंत्रालयाने मार्च 2023 मध्ये नव्या स्वरूपात सुरू केलेली लीन (कामातील नासाडी आणि साठा कमी करण्याच्या पद्धतीची) योजना पाहावी. तिच्यात सल्लागाराच्या शुल्काचा 90 टक्के भार सरकार उचलते.

प्रश्न : मी वाळूजमधील एका कारखान्यात खरेदी विभागात आहे. ‘लीन’च्या नावाखाली साठा शून्यावर आणण्याचा आदेश आहे, पण पुरवठादारांचा माल वेळेवर येत नाही आणि लाइन थांबली की दोष आमच्यावर येतो. काय करावे?

उत्तर : साठा हा परिणाम असतो. ज्या अनिश्चिततेमुळे तो ठेवावा लागतो, ती कमी न करता नुसता साठा काढून घेतला, तर लाइन थांबणारच. खुद्द टोयोटानेही हे अनुभवले आहे. 1 फेब्रुवारी 1997 रोजी जपानमधील कारिया येथे आयसिन या पुरवठादाराच्या कारखान्याला आग लागली. ब्रेकमधील एका लहानशा झडपेचा जवळजवळ सगळा पुरवठा तेथूनच होत असल्यामुळे टोयोटाच्या जपानमधील लाइन काही दिवस ठप्प झाल्या. इतर अनेक पुरवठादारांनी आपापल्या मशीनवर ती झडप बनवून दिली, म्हणून काम लवकर पूर्ववत झाले. पुढे 2011 च्या भूकंपानंतर तर टोयोटाने धोक्याच्या सुट्या भागांची यादी करून सेमीकंडक्टरसारख्या वस्तूंचा काही महिन्यांचा साठा जाणीवपूर्वक ठेवून घेतला.

आपणही वस्तूनिहाय विचार मांडावा. शेजारच्या औद्योगिक वसाहतीतून रोज येऊ शकणाऱ्या मालासाठी कानबान कार्ड (माल वापरला गेला की पुढचा मागवणारे कार्ड) लावून साठा टप्प्याटप्प्याने उतरवावा, आणि दुरून किंवा एकाच ठिकाणाहून येणाऱ्या मालाचा साठा कारणासह लिहून ठेवावा. प्रत्येक वेळी लाइन थांबली की कारण त्याच दिवशी नोंदवावे. महिन्याभरात कोणत्या पुरवठादाराशी काय बोलायचे, हे त्या नोंदीतूनच समजेल. एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगितली पाहिजे. आपला साठा लहान पुरवठादाराच्या गोदामात ढकलणे आणि त्याचे बिल तीन-तीन महिने अडवणे याला सुधारणा म्हणता येत नाही. नोंदणीकृत सूक्ष्म व लघु उद्योगांचे देणे जास्तीत जास्त 45 दिवसांत चुकते करणे 2006 च्या कायद्याने बंधनकारक आहे. पैसा अडलेला पुरवठादार कच्चा माल वेळेवर उचलू शकत नाही, आणि ते फिरून आपल्याच लाइनवर येते.

प्रश्न : कोल्हापूरजवळच्या आमच्या फाउंड्रीत ऑडिटच्या आधी फाइव्ह-एस (जागा नीटनेटकी ठेवण्याच्या पाच पायऱ्या) जोरात होते, जमिनीवर पट्टे रंगवले जातात. पंधरा दिवसांत पुन्हा पूर्वीसारखे. हे टिकावे कसे?

उत्तर : पट्टे ऑडिटरसाठी रंगवले, तर ते ऑडिटरपुरतेच टिकतात. नको ते काढणे, हवे ते जागेवर लावणे, स्वच्छता, तिचे नियम आणि त्यांची सवय, या पाच पायऱ्यांचा हेतू एवढाच की काही बिघडले तर ते पाहताक्षणी दिसावे. म्हणून सगळ्या फाउंड्रीत एकदम न करता पॅटर्न आणि कोअर बॉक्स (वाळूचे साचे घडवण्याचे नमुने) यांच्या रॅकपासून आरंभ करावा. पुढच्या हीटचा (भट्टीतील धातूच्या एका ओतणीचा) पॅटर्न हाती यायला किती वेळ लागतो, हे मोल्डरला विचारा. त्याचा वेळ वाचला, तर रॅक तोच सांभाळील. शिवाय मालकाने किंवा व्यवस्थापकाने रोज ठरलेल्या वेळी स्वतः तेथे जाऊन दहा मिनिटे उभे राहावे. फोटो मागवून हे काम होत नाही.

प्रश्न : अंबड औद्योगिक वसाहतीत मी सुपरवायझर आहे. कंपनीने सूचनापेटी लावली, बक्षिसेही जाहीर केली, पण पेटी रिकामीच राहते. एका जुन्या कामगाराने मला खासगीत सांगितले, “साहेब, सूचना दिली की वेळ वाचतो आणि वेळ वाचला की माणूस कमी होतो.” यावर मी त्यांना काय उत्तर द्यावे?

उत्तर : त्या कामगाराचे म्हणणे खरे आहे आणि त्याला उत्तर देण्याची जबाबदारी आपल्या एकट्याची नाही, ती कंपनीच्या वरिष्ठांची आहे. सतत सुधारणेच्या सगळ्या पद्धती ज्या एका पायावर उभ्या आहेत, तो पाय म्हणजे सुचवलेल्या सुधारणेमुळे सुचवणाऱ्याची किंवा त्याच्या सोबत्याची नोकरी जाणार नाही, हा भरवसा. टोयोटानेही तो सहज दिलेला नाही. 1950 मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर आली, कामगार कपात झाली, दीर्घ संप झाला आणि संस्थापक किइचिरो तोयोदा यांना अध्यक्षपद सोडावे लागले. पुढे कंपनी आणि कामगार संघटना यांच्यात जे संबंध घडत गेले, त्यांत नोकरीची शाश्वती आणि सुधारणेतील सहभाग हे जोडीने आले. कामगारांच्या सूचनांची योजना 1951 मध्ये सुरू झाली, हे त्या पार्श्वभूमीवर वाचले पाहिजे.

अमेरिकेतील उदाहरण तर अधिक बोलके आहे. कॅलिफोर्नियातील फ्रीमाँट येथील जनरल मोटर्सचा कारखाना गैरहजेरी आणि भांडणांसाठी कुप्रसिद्ध होता आणि 1982 मध्ये तो बंद पडला. 1984 मध्ये टोयोटा आणि जनरल मोटर्स यांनी भागीदारीत तो पुन्हा उघडला, तेव्हा कामगार बहुतांशी तेच होते आणि संघटनाही तीच होती. तरीही थोड्याच काळात तेथील गाड्यांचा दर्जा जपानी कारखान्यांच्या जवळ पोहोचला. संघटनेशी झालेल्या करारात कामगार कपात हा अगदी शेवटचा उपाय राहील, असे वचन होते. 1988 च्या सुमारास मागणी घसरली, तेव्हा कंपनीने माणसे न काढता त्यांना प्रशिक्षणाला आणि सुधारणेच्या कामाला लावले. माझ्या मते कोणत्याही बक्षिसापेक्षा त्या निर्णयाचा प्रभाव मोठा होता.

आपण वरिष्ठांकडे दोन गोष्टी मागाव्यात. पहिली, सुधारणेतून मोकळ्या झालेल्या माणसाला काढले जाणार नाही, त्याला दुसरे काम किंवा प्रशिक्षण दिले जाईल, असे लेखी निवेदन. त्यात कंत्राटी कामगारांचा उल्लेख असलाच पाहिजे, कारण आज आपल्या अनेक कारखान्यांत मशीनपुढे तेही उभे असतात. दुसरी, पेटीऐवजी लाइनशेजारी एक फळा. त्यावर कामगाराने अडचण लिहावी, ती कोण पाहणार आणि कोणत्या तारखेला उत्तर देणार हे आपण लिहावे, आणि उत्तर नकार असला तरी कारणासह त्याच तारखेला द्यावे. पेटीत टाकलेल्या चिठ्ठीचे पुढे काय झाले हे कोणालाच कळत नाही, आणि दोनदा असे झाले की माणूस तिसऱ्यांदा लिहीत नाही.

आपल्या हातातली गोष्ट अडचण दाखवणाऱ्याशी कसे बोलायचे ही आहे. टोयोटाच्या लाइनवर कामगार दोरी ओढतो तेव्हा दिवा लागतो आणि संघप्रमुख धावत येतो. गाडी ठरलेल्या खुणेपर्यंत जाईतो अडचण सुटली नाही, तरच लाइन थांबते. दोरी ओढली म्हणून कोणी रागावत नाही. टोयोटाच्या उत्पादन पद्धतीचे एक जनक ताइइची ओनो यांनी पाच वेळा ‘का?’ विचारण्याचे जे उदाहरण दिले आहे, त्यात मशीन बंद पडते कारण फ्यूज उडतो, फ्यूज उडतो कारण बेअरिंगला तेल पोहोचत नाही, तेल पोहोचत नाही कारण पंप नीट ओढत नाही, पंप ओढत नाही कारण त्याचा शाफ्ट झिजला आहे, आणि शाफ्ट झिजतो कारण गाळणी नसल्यामुळे धातूचा कीस आत जातो. या साखळीत कोठेही माणसाचे नाव नाही. आपल्या रिजेक्शनच्या रजिस्टरात मात्र ‘ऑपरेटरचे दुर्लक्ष’ असे लिहून पहिल्याच ‘का?’वर शोध थांबवलेला आढळेल. पुढच्या महिन्यात ते दोन शब्द रजिस्टरात येऊ न देणे एवढे आपण ठरवले, तरी कामगार बोलू लागतील.

प्रश्न : मी सांगलीतील एका धर्मादाय रुग्णालयात प्रशासनाचे काम करते. रक्ताचे अहवाल दुपारी चारनंतर येतात, डॉक्टर दोनला ओपीडी संपवतात, त्यामुळे रुग्णांना दुसऱ्या दिवशी पुन्हा यावे लागते. या कारखान्यांच्या पद्धती आम्हाला उपयोगी पडतील का?

उत्तर : निश्चितच पडतील. अमेरिकेतील सिॲटल येथील व्हर्जिनिया मेसन रुग्णालयाने 2002 पासून टोयोटाची पद्धत स्वीकारली आणि रुग्णाला धोका दिसताच कोणत्याही कर्मचाऱ्याने काम थांबवावे, असा अधिकार सर्वांना दिला.

आपण एका रुग्णाबरोबर, त्याची परवानगी घेऊन, केसपेपरच्या खिडकीपासून तो घरी निघेपर्यंत चालत राहा आणि प्रत्येक ठिकाणची वेळ टिपा. त्यानंतर तेवढेच बारकाईने नमुन्याच्या नळीमागे जा. बहुधा असे दिसेल की तपासणीला वेळ फारसा लागत नाही. चाळीस नळ्या जमेपर्यंत ट्रे संकलन कक्षात थांबतो, प्रयोगशाळेत पोहोचल्यावर सगळ्यांच्या नोंदी एकदम होतात, आणि तयार झालेले अहवाल सहीसाठी शेवटी एकत्र पाठवले जातात. हा भोसरीच्या वाचकांचाच 500 नगांचा लॉट आहे. ट्रे दर अर्ध्या तासाने, त्यात पाचच नळ्या असल्या तरी, हलवावा आणि सहीसुद्धा दर तासाला व्हावी, असा प्रयोग आधी एकाच ओपीडीपुरता आठवडाभर करावा. तो ठरवताना परिचारिका, तंत्रज्ञ आणि ट्रे नेणारे मामा तिघांनाही एकत्र बसवावे. फेऱ्या वाढणार त्या मामांच्या, तेव्हा त्यांचे दुसरे कोणते काम कमी करायचे, हे आधी ठरले पाहिजे.

दुसऱ्या दिवशी पुन्हा यावे लागणाऱ्या रुग्णाचा खर्च आपल्या हिशेबाच्या वह्यांत कोठेच उमटत नाही. जत किंवा आटपाडीहून आलेल्या माणसाचे एसटीचे भाडे, सोबतच्याचा बुडालेला रोज आणि कधी कधी अर्धवट सोडलेला उपचार, हे सगळे तोच सोसतो. म्हणून प्रयोगाचे यश मोजताना प्रयोगशाळेने दिवसात किती चाचण्या केल्या हा आकडा बाजूला ठेवावा आणि सकाळी आलेल्यांपैकी किती रुग्ण त्याच दिवशी डॉक्टरांना अहवाल दाखवून घरी गेले, हा एकच आकडा रोज संध्याकाळी फळ्यावर लिहावा.