तू नसताना ही फाइल वाचेल कोण?

प्रिय मुली,

काटोल-नरखेडकडच्या विहिरींच्या पाणी-तपासणीची फाइल पाहिली. पुण्याहून एकाने डेटा मागितला, गाईड म्हणतात आधी पेपर छापून येऊ दे, आणि तू मधल्यामध्ये अडकलीस. द्यावा की नाही ते नंतर बघू. आज दिलास तर त्याला काय कळेल? नायट्रेटच्या रकान्याला एककच नाही!

पिण्याच्या पाण्याच्या मानकात, आयएस १०५०० मध्ये, लिटरला ४५ मिलिग्रॅमची मर्यादा आहे ती नायट्रेट म्हणून. बऱ्याच लॅब आकडा नायट्रेट-नायट्रोजन म्हणून देतात, त्याला ४.४३ ने गुणावं लागतं. तुझा '१२' पहिल्या हिशेबाने बिनघोर, दुसऱ्या हिशेबाने ५३, म्हणजे मर्यादेबाहेर. यातलं खरं काय ते तुला ठाऊक आहे, फाइलला नाही. तू नसताना ती वाचता आली पाहिजे. मी हेच पुन्हा पुन्हा म्हणणार, कंटाळलीस तरी.

आता रिकाम्या जागा. कुठे शून्य, कुठे 'एनडी' (आढळलं नाही), कुठे नुसती रेघ. मे महिन्यात विहीर कोरडी होती, बाटली फुटली, की वाचन शोधमर्यादेच्या (उपकरणाला ओळखता येणाऱ्या किमान प्रमाणाच्या) खाली गेलं? तिन्ही ठिकाणी शून्य टाकलंस तर कोरड्या विहिरीचं पाणीही शुद्ध ठरतं आणि सरासरी फुकट खाली येते. आकड्याची जागा रिकामी ठेव, शेजारच्या रकान्यात कारणाचा कोड लिही आणि शोधमर्यादा किती ते रीडमीत, म्हणजे डेटासोबतच्या माहितीच्या फाइलीत, नोंदव. संशयास्पद नमुने पिवळे केलेस, छान. सीएसव्ही, म्हणजे नुसत्या मजकुराची फाइल, केली की रंग जातो. तोही रकानाच हवा.

तारीख वर्ष-महिना-दिवस अशीच लिही. ०५-०६ म्हणजे ५ जून की ६ मे, हे मी तुला फोन करून विचारायचं का? गावांची नावं युनिकोडमध्ये घे. जुन्या फॉन्टमधलं 'सावरगाव' दुसऱ्याच्या संगणकावर नुसती चिन्हं होऊन उघडतं. अक्षांश-रेखांश तपास: नागपूर साधारण २१.१५ उत्तर, ७९.०९ पूर्व. चार ओळींत तू उलटे टाकलेस, त्या विहिरी आर्क्टिकमधल्या स्वालबार्डला पोहोचल्या. तिकडे संत्री होत नाहीत.

मूळ फाइलला मात्र हात लावू नकोस. ती फक्त-वाचनीय करून ठेव. दुरुस्त्या स्क्रिप्टमध्ये, म्हणजे संगणकाला दिलेल्या लेखी सूचनांत, होऊ देत, म्हणजे काय बदललं आणि का, ते दिसेल.

उघडं करायचं म्हणजे सगळंच उघडं नव्हे. शेतकऱ्याचं नाव, मोबाइल, गट नंबर काढ. स्थान दोन दशांशांपर्यंत ठेव, म्हणजे साधारण किलोमीटरभराचा अंदाज राहतो. अचूक जागा लॅबच्या बंद प्रतीत. अमक्याच्या विहिरीचं पाणी खराब असा गवगवा झाला तर भोगायचं त्याला. त्याने तुला नमुना दिलाय, जाहीर व्हायची परवानगी नाही.

आणि पेपरच्या शेवटी 'विनंती केल्यास डेटा उपलब्ध' हे वाक्य घालू नकोस. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असं काहीतरी लिहिलेल्या १,७९२ शोधनिबंधांच्या लेखकांकडे खरोखर डेटा मागितला. दिला जेमतेम ७ टक्क्यांनी. सगळेच काही लबाड नसतात गं. ईमेल बदलतो, लॅपटॉप जातो, रकान्याचा अर्थ लिहिणाऱ्यालाही आठवत नाही. माझ्या हट्टाला लोक हसतात, हसू देत. हा आकडा माझ्या बाजूने आहे.

पेपरआधी डेटा दुसऱ्याच्या हाती जाईल ही गाईडची भीती खोटी नाही, पण तिच्यावर उपाय आहे. झेनोडोवर (सर्न या युरोपीय संशोधन संस्थेचं ऑनलाइन डेटा-भांडार, २०१३ पासून चालू) नोंद आधी करता येते, फाइली ठरावीक तारखेपर्यंत बंद ठेवता येतात, डीओआय (डेटाचा कायमचा ओळख-क्रमांक) आगाऊ राखून पेपरमध्ये देता येतो. परवाना सीसी बाय ४.० घे: वापरणाऱ्याला तुझा उल्लेख करावाच लागतो. पुढे चूक सापडली तर नवी आवृत्ती टाक. जुनी आपल्या डीओआयसह जागेवर राहते. पुण्याच्या मुलाला तोवर एवढं कळव की डेटा कुठे आणि कधी उघडेल.

त्याआधी एक कर. सीएसव्ही आणि रीडमी दुसऱ्या विभागातल्या कुणाला तरी दे. मान्सूनआधी मर्यादा ओलांडलेल्या विहिरी किती, एवढंच काढायला सांग. शेजारी बस, पण तोंड उघडू नकोस. त्याने विचारलेला प्रत्येक प्रश्न लिहून घे आणि ती यादी मला सोमवारपर्यंत पाठव.