1 जानेवारीपासून गोळ्या बंद? थांबा जरा

डिसेंबर अर्धा झाला की माझ्याकडं तेच प्रश्न यायला लागतात आणि गड्ड्याची यात्रा, म्हणजे आमच्या सोलापूरची जानेवारीतली सिद्धेश्वराची जत्रा, संपेपर्यंत येत राहतात. नवीन वर्षात मनाचं काहीतरी करायचंय, काय ठरवू? मी मानसोपचारतज्ज्ञ आहे. एकेकाला तेच सांगूनही घोळ कमी होत नाही म्हणून इथं लिहिते.

मॅडम, यंदा मन शांत ठेवायचं ठरवलंय. बरोबर आहे ना? (सात रस्ता)

हेतू चांगला, पण रात्री झोपताना केलं का नाही केलं हे सांगता येईल असं काहीतरी धरा, म्हणजे साडेदहाला मोबाईल दुसऱ्या खोलीत चार्जिंगला किंवा आठवड्यातून चार संध्याकाळी सिद्धेश्वर तलावाकडं पायी. एकच धरा, पाच नको.

21 दिवसांत सवय लागते म्हणून ऑनलाइन कोर्स घेतला, अठराव्या दिवशी चुकले. ते म्हणतात परत पहिल्यापासून, परत फी भरा. (जुळे सोलापूर)

भरू नका. हा 21 चा आकडा 1960 च्या एका प्लास्टिक सर्जनच्या पुस्तकातून आलाय, त्यांनी फक्त पेशंटना नवीन चेहऱ्याची सवय व्हायला निदान 21 दिवस लागतात एवढंच लिहिलं होतं. लंडनमध्ये 96 जणांवर नीट अभ्यास झाला त्यात सरासरी 66 दिवस निघाले, अंदाज 18 पासून 254 पर्यंत. आणि मधे एक दिवस चुकला तर फारसं बिघडलं नाही. एकोणिसाव्या दिवसापासून पुढं चालू करा.

ध्यान रोज किती वेळ?

दहा मिनिटं पुरे. बसल्यावर छाती धडधडते, जुनं काही वर येतं असं होत असेल तर थांबा आणि दाखवा.

डिप्रेशनची गोळी चार महिने घेतेय, आता छान वाटतं. शेजारच्या काकू म्हणतात सवय लागते. 1 जानेवारीपासून गोळ्या बंद, योगा चालू, असा संकल्प केलाय. (होटगी रोड)

हा संकल्प मोडा, आजच. दर जानेवारीत असे पेशंट येतात आणि फेब्रुवारीत त्यांचे घरचे त्यांना परत घेऊन येतात, ते बघवत नाही म्हणून जरा लांबण लावते. गोळीमुळं छान वाटतंय. बरं वाटायला लागल्यावरसुद्धा साधारण सहा ते नऊ महिने ती चालू ठेवतात, पूर्वी कधी आजार येऊन गेला असेल तर जास्त, कारण लवकर सोडली की आजार उलटतो. एकदम बंद केली तर चक्कर, झोप उडणं, चिडचिड, डोक्यात करंट मारल्यासारखं होतं, आणि मग लोक म्हणतात बघा सवय लागली. ती सवय नाही, शरीराला सावरायला वेळ दिला नाही म्हणून ते होतं, डोस हळूहळू उतरवला की बहुतेकांना निभतं. काकू ज्या सवयीचं म्हणतात ती झोपेच्या, घबराटीच्या अल्प्राझोलाम, क्लोनाझेपामसारख्या गोळ्यांची लागते, आणि काही मेडिकलवाले त्या जुन्या चिठ्ठीवर देतात याचा मला मनापासून राग आहे! त्याही एकदम तोडायच्या नाहीत, फिट येऊ शकते. योगा जरूर करा, पण गोळीच्या जोडीनं. कधी आणि किती कमी करायची हे तुमच्या डॉक्टरांसमोर बसून ठरवा, काकूंनी ती लिहिलेली नाही.

आई विड्या वळते. महिनाभर झाला, नीट जेवत नाही, झोपत नाही, बोलणं तुटलंय. यात्रा झाली की दाखवू म्हणतोय. (अशोक चौक)

अरे, महिना झाला ना? असं दोन आठवडे टिकलं की दाखवायचं असतं. भोगीला अक्षता, मग होम, मग पाहुणे, असं करत फेब्रुवारी उजाडेल. उद्या सकाळी सिव्हिलला मानसोपचारच्या ओपीडीत घेऊन जा, थायरॉईड, बी12, हिमोग्लोबिन पण बघायला सांग, त्यानंही असं होतं. आणि "जगून काय करू" असं काही बोलली असेल तर उद्याची पण वाट बघू नको, तिला एकटं सोडू नको, सरळ इमर्जन्सीत ने. जाईपर्यंत बोलायला कुणी हवं असेल तर 14416 लाव, टेलिमानसचा नंबर आहे, फुकट, 24 तास, मराठीतनं बोलतात.