आधी चार लाइन, मग क्लॉक

प्रश्न : ताई, नमस्कार. मी ऐरोलीला राहतो आणि रबाळे एमआयडीसीतल्या एका लहान कारखान्यात काम करतो. सोसायट्यांच्या पंपरूममध्ये टाकीची पातळी दाखवणारं पॅनल आम्ही बनवतो. आत लिनक्सचा बोर्ड आहे, त्यावर विनबाँडची डब्ल्यू२५क्यू१२८ ही १६ एमबीची एसपीआय फ्लॅश, म्हणजे सगळं सॉफ्टवेअर साठवणारी मेमरी चिप. कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, ५ एमबीचा; बाकी फाइलींची रूट फाइलसिस्टिम ७ एमबीची. लाइट गेली-आली की पडद्यावर चित्र यायला ११ सेकंद लागतात. तेवढ्यात वॉचमनकाका पॅनल बिघडलं समजून स्विच पुन्हा बंद-चालू करतात. कर्नलच्या डिव्हाइस ट्रीमध्ये, म्हणजे हार्डवेअरचं वर्णन असलेल्या फाइलमध्ये, फ्लॅशचा क्लॉक २५ मेगाहर्ट्झचा ८० केला. डीडी या कमांडने मोजलेला वाचनाचा वेग सेकंदाला २.८ एमबीवरून ५.६ झाला, पण चित्र जेमतेम सव्वा सेकंद लवकर आलं. १०० केला तर सकाळी चालतं आणि दुपारी स्क्वॉशएफएसच्या (आमच्या रूट फाइलसिस्टिमच्या) एरर येतात. डिव्हाइस ट्रीमधला फ्लॅशचा भाग, म्हणजे नोड, सोबत पाठवतोय. काय चुकतंय? – एक वाचक, ऐरोली

उत्तर : तुमच्या पत्रातले दोन आकडे आधी शेजारी ठेवा, २.८ आणि ५.६. बरोब्बर दुप्पट. क्लॉक खरोखर २५ चा ८० झाला असता तर वेग तिपटीच्या वर गेला असता. म्हणजे तुम्ही मागितले ८० आणि मिळाले ५०. नोडमध्ये कंट्रोलरचा, म्हणजे फ्लॅशशी बोलणाऱ्या सर्किटचा, मूळ क्लॉक २०० दिसतोय. बरेच कंट्रोलर त्याला सम संख्येनेच भागतात. ८ ने भागलं की २५, ४ ने ५०, २ ने १००. सहाने भागलं तर ३३ येतात, पण ५० आणि १०० च्या मध्ये पायरीच नाही. ड्रायव्हर मागितलेल्या आकड्याच्या वर जात नाही, खालची पायरी धरतो. त्यामुळे ८० वर तुमचा बोर्ड स्थिर वाटला तो प्रत्यक्षात ५० वरच होता, आणि १०० लिहिल्यावर पहिल्यांदा एकदम दुप्पट उडी बसली.

आता दुपारच्या एरर. नोडमध्ये ‘एम२५पी, फास्ट-रीड’ ही ओळ नाही. ती नसली आणि डेटा एकाच लाइनवरून येत असला, तर लिनक्सचा एसपीआय-नॉर ड्रायव्हर साधी ०३ ही वाचनाची कमांड पाठवतो. डब्ल्यू२५क्यू१२८जेव्हीच्या डेटाशीटमध्ये ०३ ला ५० मेगाहर्ट्झची मर्यादा आहे. त्यावर जायचं तर ०बी, म्हणजे फास्ट रीड. तिच्यात पत्त्यानंतर ८ रिकामे क्लॉक जातात, तेवढ्यात चिपला आतला डेटा बाहेर काढायला उसंत मिळते. तुम्ही ती उसंत न देता दुप्पट वेगाने मागत होतात. सकाळी चिपने निभावून नेलं. दुपारी पंपरूम तापली, सिलिकॉन मंदावलं आणि बिट चुकले.

फास्ट रीडची ओळ घातलीत तरी १०० वर दुसरी अडचण उभी राहते. चिप क्लॉकच्या उतरत्या कडेला बिट सोडते आणि कंट्रोलर पुढच्या चढत्या कडेला तो उचलतो. १०० मेगाहर्ट्झला मधे फक्त ५ नॅनोसेकंद असतात. चिपला बिट बाहेर आणायलाच ६ च्या आसपास लागू शकतात. म्हणून कंट्रोलरमध्ये रीड-डिलेची सेटिंग असते. बिट थोडा थांबून उचल, एवढंच ती सांगते.

पण माझं मनापासून सांगणं आहे, १०० च्या मागे लागूच नका. एका लाइनवर १०० मेगाहर्ट्झ म्हणजे कागदावर सेकंदाला १२.५ एमबी. चार लाइनवर ५० मेगाहर्ट्झ म्हणजे २५ एमबी. अर्ध्या क्लॉकवर दुप्पट वेग, आणि दोन कडांमध्ये १० नॅनोसेकंदांची ऐसपैस जागा. नोडमध्ये ‘एसपीआय-आरएक्स-बस-विड्थ’ला ४ लिहा. कंट्रोलरला क्वाड, म्हणजे चार लाइनवरून एकदम वाचणं, येत असेल तर ड्रायव्हर चिपमधला क्वाड-एनेबल बिट स्वतः लावून क्वाड कमांड निवडतो.

हे लिहिण्याआधी मल्टिमीटर हातात घ्या. आठ पायांच्या या चिपचा ३ नंबरचा पाय राइट-प्रोटेक्टचा आणि ७ नंबरचा होल्डचा. क्वाडमध्ये तेच दोन पाय तिसरी आणि चौथी डेटा लाइन होतात. बोर्ड बंद करून ३ आणि ८, मग ७ आणि ८ या पायांमधला रेझिस्टन्स मोजा. काही किलोओहम दाखवले तर पुल-अप, म्हणजे पायाला हलकेच वर धरणारा रेझिस्टर, आहे, चिंता नाही. शून्याजवळ दाखवलं तर कुणीतरी ते पाय थेट ३.३ व्होल्टला बांधलेत, आणि मग त्या बोर्डवर क्वाड नाहीच.

हे मी एवढं ठासून सांगते कारण मला ते महागात पडलंय. वागळे इस्टेटमधल्या माझ्या गाळ्यात एकदा चाळीस बोर्डांची खेप आली होती. क्वाड चालू केलं की एकही उठेना. दोन दिवस मी ड्रायव्हर उसवत बसले. शेवटी फ्लॅशमध्ये सगळी शून्यं लिहिली आणि परत वाचली, तर पडद्यावर ओळीने हेक्समध्ये सीसी, सीसी, सीसी. कागदावर बिट मांडले : ११००, ११००. क्वाडमध्ये एक बाइट दोन घासांत येतो, प्रत्येक घासात वरचे दोन बिट त्या ३ आणि ७ नंबरच्या पायांवरून. दोन्ही पाय पुरवठ्याला बांधलेले, म्हणून ते कायम १. चूक सर्किटमध्ये होती आणि मी ती कोडमध्ये शोधत होते. तुम्हाला शून्याच्या जागी सीसी दिसले तर ड्रायव्हर बंद करा आणि बोर्ड उलटा करून ट्रॅक बघा. तसंच चालू ठेवू नका, चिप तो पाय खाली ओढायला बघते तेव्हा तिच्यातून नको तेवढा करंट जातो.

मग सव्वा सेकंदच का वाचला? ७ एमबी वाचायला आधी अडीच सेकंद लागायचे, ते सव्वावर आले. हिशेब चोख आहे. पण ५ एमबीचा कर्नल लिनक्स वाचत नाही, त्याच्या आधी चालणारा बूटलोडर यू-बूट वाचतो, आणि यू-बूटचं डिव्हाइस ट्री वेगळं असतं. तिथे तुमचे २५ मेगाहर्ट्झ आणि एक लाइन तसेच बसलेत, जवळजवळ पावणेदोन सेकंद खात. दोन्हीकडे बदल करा. सुरुवातीला फ्लॅशवर एकूण सव्वाचार सेकंद जात होते. दोन्हीकडे क्वाड आणि ५० मेगाहर्ट्झ झाल्यावर प्रत्यक्षात सेकंदाला २० एमबी जरी मिळाले तरी हे काम पाऊण सेकंदाच्या आत उरकेल.

उरलेले सहा-सात सेकंद फ्लॅशचे नाहीत. ते शोधायला सिरियल कन्सोलवर प्रत्येक ओळीपुढे वेळ छापून घ्या. यू-बूटचा बूट-डिले आधी तपासा. कुणीतरी की दाबेल म्हणून दोन-तीन सेकंद तो नुसता वाट बघतो, आणि पंपरूममध्ये की दाबायला कुणी नसतं. शिवाय यू-बूटमधूनच एक साधं चित्र पडद्यावर टाका. वॉचमनकाकांना पातळी लगेच नको असते, पॅनल जिवंत आहे एवढं कळलं तरी हात स्विचकडे जात नाही.

वेग मोजताना एमटीडीच्या (लिनक्समधल्या फ्लॅशच्या व्यवस्थेच्या) कॅरेक्टर डिव्हाइसवरून वाचा, म्हणजे मधे कॅश येणार नाही, आणि डीडीचा ब्लॉक ६४ केबीचा ठेवा. लहान ब्लॉकला दर वेळी कमांड आणि पत्ता नव्याने पाठवावा लागतो, वेग उगाच कमी दिसतो. प्रत्येक बदलानंतर नुसता वेग बघून खूश होऊ नका. पूर्ण चिप वाचून तिचा चेकसम, म्हणजे सगळ्या डेटावरून निघणारा पडताळणीचा आकडा, काढा आणि २५ मेगाहर्ट्झ, एक लाइन असताना काढलेल्या चेकसमशी ताडा. तेही शंभर वेळा, आणि चिपवर हेअर-ड्रायरची गरम हवा सोडून. पुढेमागे रीड-डिले लावायची वेळ आलीच, तर शून्यापासून एकेक आकडा वाढवत चेकसम जुळणाऱ्या किमती लिहून ठेवा. समजा २ ते ७ जुळल्या, तर ४ किंवा ५ घ्या. २ घेतलात तर घणसोलीच्या पंपरूममध्ये मे महिन्यात पुन्हा हेच पत्र लिहाल.

पुढच्या मॉडेलला ३२ एमबीची चिप घ्यायचा विचार असेल तर रीसेटची लाइन चिपपर्यंत न्या. तीन बाइटच्या पत्त्यात १६ एमबीच मावतात. लिनक्सने चिपला चार बाइटवर नेलं आणि तेवढ्यात वॉचडॉगने (अडकलेला बोर्ड आपोआप रीसेट करणाऱ्या टायमरने) बोर्ड रीसेट केला, तर बूट-रॉम, म्हणजे प्रोसेसरमधला सुरुवातीचा कोड, तीनच बाइट पाठवतो आणि पॅनल तिथेच अडकतं.

प्रश्न : मॅडम, मी कळव्याचा, डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. ईएसपी३२ या मायक्रोकंट्रोलर मॉड्यूलवर चार रिले लावलेत, त्यातले दोन जीपीआयओ (इनपुट-आउटपुटचे पाय) ९ आणि १० वर. फ्लॅश मोड डीआयओ (दोन लाइन) असताना चालतं. वेग वाढावा म्हणून क्यूआयओ (चार लाइन) केलं तर बोर्ड रीसेटवर रीसेट घेतो. मॉड्यूल खराब आहे का? – एक विद्यार्थी, कळवा

उत्तर : मॉड्यूल चांगलं आहे. वरचं उत्तर वाचलंस तर तुझंही त्यातच आहे. ईएसपी३२ च्या या मॉड्यूलवर जीपीआयओ ६ ते ११ आतल्या फ्लॅशला जोडलेले असतात, आणि ९ व १० म्हणजे तेच होल्ड आणि राइट-प्रोटेक्टचे पाय. क्यूआयओमध्ये त्यांवरून प्रोग्रामचा डेटा येतो, आणि तू त्याच तारांवर रिले ओढतोयस. डीआयओमध्ये चालतंय त्यावरही विसंबू नकोस. ते दोन रिले २५ आणि २६ वर हलव, मग क्यूआयओ ४० मेगाहर्ट्झवर चालवून बघ. ते दिवसभर टिकलं तरच ८०.