मोडल्याशिवाय माणूस घडत नाही, हे खरं आहे का?

घटस्फोटानंतर पार मोडून गेलोय आणि सगळे ऐकवतात, टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही; हे खरं का, असं तुम्ही विचारलंय. अशा वेळी ती म्हण मला सहन होत नाही. टाकी धरणाऱ्याच्या मनात मूर्ती असते. तुमचा संसार मोडला तेव्हा कुणी तुमची मूर्ती घडवत नव्हतं.

मी माझ्या मनगटाचं सांगते. नवरा गेला त्याच पावसाळ्यात मी अंगणातल्या शेवाळावरून घसरले, हात टेकला आणि उजवं मनगट मोडलं. कॉलिस फ्रॅक्चर म्हणतात त्याला. कॉलिस या आयरिश सर्जननं १८१४ मध्ये, एक्स-रे नव्हते तेव्हा, ते लिहून ठेवलं होतं. सहा आठवडे प्लास्टर.

मोडलेलं हाड पहिल्यापेक्षा मजबूत जुळतं, असं तेव्हा मलाही सगळे सांगत. तसं नसतं हो. मोडल्या जागी आधी रक्त साकळतं, दोन-तीन आठवड्यांत तिथे मऊ कूर्चा धरते, मग ती कडक होते. काही काळ जाड गाठ राहते, म्हणून भक्कम वाटतं. पण तेवढ्यात आजूबाजूचं धडधाकट हाड आणि स्नायू वापराविना दुबळे झालेले असतात. प्लास्टर कापलं तेव्हा आतला हात मला माझा वाटेना. काडीसारखा, कातडीचे पापुद्रे सुटलेला.

खरं घडणं त्यानंतर सुरू होतं. हाड खाणाऱ्या पेशी गाठ कुरतडतात, बांधणाऱ्या पेशी नवं हाड घालतात. हे महिनोन्‌महिने, कधी काही वर्षं चालतं. भर कुठे घालायची हे बरंचसं हाडावर पडणाऱ्या भारावरून ठरतं. जर्मन सर्जन यूलियस वोल्फ यांनी १८९२ मध्येच हे मांडलं होतं.

फिजिओथेरपीच्या ताई म्हणाल्या, रोज थोडी कणीक मळा. पहिल्या दिवशी दोन पोळ्यांपुरतं पीठ घेतलं. गोळा होईना, सगळं बोटांना चिकटलेलं, मनगटातून कळा. आणि परातीतलं ते एवढंसं पीठ बघून, माणूस गेल्यापासून पहिल्यांदा मी मोकळी रडले. तोवर घरात कुणी ना कुणी असायचंच.

म्हणून म्हणते, लवकर उभं राहा म्हणणाऱ्यांचं आत्ता ऐकू नका. जोड धरायच्या आत भार टाकला तर हाड सरकतं. पण प्लास्टर निघाल्यावरही हात गळ्यात बांधून ठेवला तर तो आखडतो, हेही मी जवळून पाहिलंय. आज दोन पोळ्यांएवढं काय झेपेल, तेवढंच बघा.

माझा तळहात अजून पुरता उताणा होत नाही. सुटे पैसे घेताना नाणी घरंगळतात. कोपऱ्यावरची भाजीवाली मावशी हल्ली न सांगताच ती माझ्या डाव्या हातात ठेवते.