‘फ्री’ सोडा, ‘अव्हेलेबल’ वाचा

८ जीबीच्या लिनक्स मशीनवर ‘फ्री’ रकान्यात जेमतेम ३०० एमबी दिसतात, मग रॅम संपली का, आणि विंडोज-मॅकवर हेच कुठे बघायचं, असा प्रश्न आहे. नुसत्या त्या आकड्यावरून काहीच ठरत नाही. डिस्कवरून वाचलेल्या फाइल्स कर्नल (लिनक्सचा गाभा) रॅममध्येच कॅश करून, म्हणजे पुन्हा लागतील म्हणून राखून, ठेवतो आणि प्रोग्रामने जागा मागितली की त्यातली बरीचशी सोडतो.

टर्मिनलमध्ये ‘फ्री -एच’ द्या आणि शेवटचा ‘अव्हेलेबल’ रकाना वाचा. स्वॅपला, म्हणजे रॅम अपुरी पडल्यावर वापरायच्या डिस्कवरच्या जागेला, हात न लावता नव्या प्रोग्रामला साधारण किती मेमरी मिळेल, ते तिथे कळतं. कर्नल ३.१४ पासून हा अंदाज कर्नल स्वतःच काढतो. ‘फ्री’ आणि ‘बफ/कॅश’ यांची बेरीज करत बसू नका. टीएमपीएफएसमधल्या (रॅममध्येच राहणारी तात्पुरती फाइल सिस्टिम) फाइल्सही कॅशमध्येच मोजल्या जातात आणि त्या नुसत्या टाकून देता येत नाहीत, त्यामुळे बेरीज फुगलेली येते.

मशीन खरंच रखडत असेल तर ‘व्हीएमस्टॅट १’ लावून ‘एसआय’ (स्वॅपमधून रॅममध्ये येणारा डेटा) आणि ‘एसओ’ (रॅममधून स्वॅपमध्ये जाणारा डेटा) हे रकाने बघा. पहिली ओळ सोडा, ती मशीन सुरू झाल्यापासूनची सरासरी असते. पुढच्या ओळींत दोन्हीकडे सतत मोठे आकडे येत असतील तर रॅम कमी पडतेय. स्वॅप थोडा भरलेला आहे, एवढ्यानं घाबरायचं कारण नाही.

विंडोजवर कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकदम दाबा, मग परफॉर्मन्स आणि त्यात मेमरी. इथला ‘अव्हेलेबल’ म्हणजे स्टँडबाय (कॅशमधली, पण लगेच सोडता येणारी मेमरी) अधिक फ्री. वेगवेगळे आकडे रिसोर्स मॉनिटरमध्ये दिसतात. शेजारचा ‘कमिटेड’ (प्रोग्राम्सना कबूल केलेली एकूण मेमरी) लोक वाचतच नाहीत, आणि तो माझ्या मते जास्त महत्त्वाचा. त्यातला दुसरा आकडा म्हणजे ढोबळमानानं रॅम आणि पेजफाइल (विंडोजचा स्वॅप) मिळून ठरणारी मर्यादा. पहिला आकडा तिला भिडला आणि पेजफाइल आणखी वाढू शकली नाही, तर ‘अव्हेलेबल’ शिल्लक असूनही प्रोग्राम बंद पडतात. पेजफाइल पूर्ण बंद करून ठेवलेल्या मशीनवर हे होण्याची शक्यता जास्त असते.

मॅकवर अ‍ॅक्टिव्हिटी मॉनिटरच्या मेमरी टॅबमध्ये खालचा ‘मेमरी प्रेशर’ आलेख बघा. हिरवा असेल तर ‘मेमरी यूज्ड’ कितीही दिसो, चिंता नको. टर्मिनलमधली ‘व्हीएम_स्टॅट’ आकडे पेजमध्ये, म्हणजे मेमरीच्या ठरावीक आकाराच्या तुकड्यांत, देते. इंटेल मॅकवर पेज ४०९६ बाइटचं, अ‍ॅपल सिलिकॉनवर १६३८४ बाइटचं. जुनी स्क्रिप्ट नव्या मॅकवर ४०९६ ने गुणत राहिली तर उत्तर पावपटच येतं. पेजचा आकार त्याच कमांडच्या पहिल्या ओळीत असतो, तिथून घ्या.